फरक बिलाचा अहवाल: फंक्शनं आणि प्लॅनर (प्रकल्प नोंदी)

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळी संपली, आता उकरायला वेळ आहे. दूध संघाचं फरक बिल काढताना यंदा जो घाम निघाला तो पुढच्या वर्षी नको, म्हणून हे काम हातात घेतलं. फरक बिल एप्रिल ते मार्च या वर्षाचं असतं. उत्पादकाने वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे ठरलेला फरक दिवाळीच्या तोंडावर द्यायचा. हिशेब साधा, पण अहवाल उघडला की चाक गरगरत राहतं.

चाचणीसाठी संकलनाच्या ४० लाख ओळींची प्रत काढली. पार्टिशन (टेबलचे महिन्यांनुसार पाडलेले तुकडे) नाही, साधी टेबल, दोन आर्थिक वर्षं अर्धी-अर्धी. डेटाबेस पोस्टग्रेस १६. क्वेरीची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाची) अट अशी: आर्थिक_वर्ष(दिनांक) = २०२४. (फंक्शनांची नावं आमच्याकडे मराठीच आहेत. पोस्टग्रेसला त्याचं काही वाटत नाही, नव्या मुलांना वाटतं.)

क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्स्प्लेन ॲनालाइझ लावलं. १८ सेकंद. सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे सगळी टेबल ओळीने चाळणं, आणि फिल्टरच्या ओळीत फंक्शनचं नाव जसंच्या तसं. अंदाज २०,००० ओळींचा, हाती आल्या वीस लाखांच्या आसपास. २०,००० हा आकडा कुठून आला ते लगेच कळलं. एखाद्या राशीबद्दल (एक्स्प्रेशनबद्दल) आकडेवारी नसली की प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग, तिची २०० वेगवेगळी मूल्यं आहेत असं धरून चालतो. ४० लाखांना २०० ने भागा. म्हणजे आर्थिक वर्ष हा प्रकार काय आहे याची त्याला गंधवार्ता नाही. त्याच्या दृष्टीने ती एक बंद पेटी आहे.

४ नोव्हेंबर

पेटी बंद का राहते ते पाहायचं होतं. आर्थिक_वर्ष हे एसक्यूएल भाषेतलं एका ओळीचं फंक्शन आहे: महिना चार किंवा जास्त असेल तर साल, नाहीतर साल वजा एक. असलं फंक्शन प्लॅनरने उघडून त्यातली राशी क्वेरीतच लावायला हवी. आम्ही त्याला इनलाइन होणं म्हणतो. तसं झालं असतं तर फिल्टरमध्ये नाव न दिसता केस-व्हेन (‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ ही रचना) दिसलं असतं.

फंक्शनवर दोन लेबलं होती, इम्युटेबल (तीच मूल्यं दिली तर उत्तर कधीच बदलत नाही) आणि स्ट्रिक्ट. स्ट्रिक्टचा अर्थ: आत नल (रिकामं मूल्य) आला तर फंक्शन न चालवता नल परत द्या. लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण नुसतं लेबल पाहून प्लॅनर फंक्शन उघडत नाही. आधी तो तपासतो की आतली राशीसुद्धा स्वतःहून तशीच वागते का, म्हणजे नल आत गेला तर नलच बाहेर येतो का. केस, कोअलेस असलं काही आत दिसलं की तो खात्री देत नाही. मग पेटी बंदच ठेवून दर ओळीला फंक्शनला हाक मारतो. ४० लाख हाका.

स्ट्रिक्ट काढलं. केसच्या वाटेने नल तसाही एल्समध्ये जातो आणि सालच नल असल्याने उत्तर नलच येतं, त्यामुळे वागणूक बदलली नाही. फिल्टरमध्ये केस-व्हेन दिसू लागलं. वेळ अडीच सेकंदांच्या आत.

दुसरा उपायही करून पाहिला. स्ट्रिक्ट ठेवायचं आणि आतली राशी बदलायची: तारखेतून तीन महिने वजा करा, मग साल काढा. १ एप्रिल गेली १ जानेवारीवर, ३१ मार्च गेली मागच्या ३१ डिसेंबरवर. ३१ मे वजा तीन महिने म्हणजे २८ फेब्रुवारी (लीप वर्षात २९), पण आपल्याला फक्त साल हवंय. ही राशी मुळातच स्ट्रिक्ट असल्याने लेबलासकट इनलाइन झाली. दिसायला मला हीच आवडली. जुनी वाचायला सोपी आहे म्हणून तीच ठेवली.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट खटकली. फंक्शन उघडलं गेलं तरी पॅरलल वर्कर (काम वाटून घेणाऱ्या जोडीच्या प्रक्रिया) येईनात. कारण लाजवाब आहे. आपण बनवलेलं फंक्शन सांगितलं नाही तर पॅरलल अनसेफ धरलं जातं, आणि ती तपासणी प्लॅनर अगदी सुरुवातीला, फंक्शन उघडण्याच्या आधीच करतो. म्हणजे जे फंक्शन पुढच्या क्षणी क्वेरीतून नाहीसं होणार आहे, त्याच्याच लेबलामुळे सगळी क्वेरी एकट्याने चालते. पॅरलल सेफ लिहिलं, वर्करांचं काम गोळा करणारा गॅदर नोड आला.

६ नोव्हेंबर

काल रात्री पोस्टग्रेसचा सोर्स घेऊन बसले. सगळा कारभार ऑप्टिमायझरच्या क्लॉजेस नावाच्या सी फाइलमध्ये आहे. टिप्पण्या इतक्या नीट लिहिलेल्या आहेत की कोड न वाचताही निम्मं कळतं. पुढे विसरणार म्हणून क्रम लिहून ठेवते.

फंक्शनची हाक समोर आली की आधी तिचे आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली मूल्यं) भरले जातात: नावाने दिलेले जागेवर लावायचे, न दिलेल्यांच्या जागी डीफॉल्ट घालायचे. मग प्रत्येक आर्ग्युमेंट याच चरकातून काढायचा. नंतर पहिला प्रश्न: आत्ताच चालवून उत्तर काढता येईल का? फंक्शन स्ट्रिक्ट आणि एखादा आर्ग्युमेंट नक्की नल असेल तर उत्तर नल, विषय संपला. इथे मी थबकले, कारण ही तपासणी व्होलाटाइल (दर हाकेला उत्तर बदलू शकतं) की इम्युटेबल याच्या आधी होते. फंक्शन व्होलाटाइल असलं, आत लॉग लिहीत असलं, तरी स्ट्रिक्टवर नल आला की ते चालतच नाही. हाक मारलीच नव्हती असं समजायचं. नल नसेल, सगळे आर्ग्युमेंट स्थिर असतील आणि फंक्शन इम्युटेबल असेल, तर ते तिथल्या तिथे चालवून जागी उत्तर ठेवलं जातं. स्टेबल (एका क्वेरीपुरतं उत्तर न बदलणाऱ्या) फंक्शनला ही सवलत फक्त ओळींचा अंदाज बांधताना मिळते, खऱ्या प्लॅनमध्ये नाही.

हे जमलं नाही तर फंक्शनला जोडलेलं सपोर्ट फंक्शन असल्यास त्याला विचारायचं, आणि अगदी शेवटी इनलाइन. इनलाइनच्या अटींची यादी लांबलचक आहे. त्यातली आमच्या कामाची एक: वर लिहिलेलं लेबल खऱ्यापेक्षा सैल असेल तर चालतं, कडक असेल तर चालत नाही. आतली राशी इम्युटेबल आणि वर लेबल व्होलाटाइल असेल तर खुशाल उघडा. आत काहीतरी स्टेबल आणि वर इम्युटेबल लिहिलं असेल तर हात लावायचा नाही.

हे वाचलं आणि पावतीवरचं महिना_नाव आठवलं. आत तारखेचा मजकूर करणारं टू-चार आहे, म्हणजे स्टेबल. वर कुणीतरी ‘वेगासाठी’ इम्युटेबल चिकटवलंय. वेगासाठी लावलेल्या लेबलानेच वेग अडवून धरला होता. लेबल स्टेबल केलं, फंक्शन उघडलं गेलं.

दुसरी अट: आर्ग्युमेंट आत दोनदा वापरलेला असेल आणि तो व्होलाटाइल किंवा महाग असेल, तर उघडायचं नाही. बरोबरच आहे, नाहीतर एकदा करायचं काम दोनदा होईल. आर्थिक_वर्षमध्ये तारीख दोनदा येते, पण नुसता कॉलम असल्याने चालून जातं.

७ नोव्हेंबर

सुरक्षा तपासणीवाल्यांनी मार्चमध्ये सांगितलं होतं: प्रत्येक फंक्शनवर सर्च पाथ (नावं कुठल्या स्कीमात, म्हणजे कप्प्यात, शोधायची ती यादी) पक्का करा. कुणी दुसऱ्या स्कीमात त्याच नावाचं फंक्शन पेरलं तर आपलं फंक्शन भलतंच काही चालवेल. मुद्दा रास्त आहे. आम्ही एका स्क्रिप्टने सगळ्यांवर सेट सर्च पाथ लावून मोकळे झालो.

पण फंक्शनवर कुठलंही सेट असलं की इनलाइन बंद. माझ्या चाचणीच्या प्रतीत ती स्क्रिप्ट चाललीच नव्हती, म्हणून मंगळवारी मी अडीच सेकंदांवर खूश झाले. आज खऱ्या सर्व्हरच्या नकलेवर तेच फंक्शन लावलं आणि परत १८.

डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) ताई म्हणाल्या, “सुरक्षा काढायची नाही. दुसरी वाट शोध.”

वाट निघाली. पोस्टग्रेस १४ पासून फंक्शनचा मजकूर अवतरणातली स्ट्रिंग म्हणून न देता थेट रिटर्न आणि पुढे राशी, असा लिहिता येतो. तेव्हा आतली नावं फंक्शन बनवतानाच बांधली जातात, चालताना सर्च पाथ बघायचं कारणच उरत नाही. सेट नको, इनलाइनही होतं. शिवाय आत वापरलेल्या गोष्टींची नोंद राहते, कुणी खालचं फंक्शन चुकून टाकायला गेलं तर डेटाबेस अडवतो. एका राशीची २२ फंक्शनं या रूपात आणली. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या दुसऱ्या भाषेतल्यांवर सेट तसंच ठेवलं, ती तशीही कधी उघडली जात नाहीत. ताईंनी मान डोलावली. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ झालं.

१० नोव्हेंबर, सोमवार

‘चालू बिल’ पडदा. संघाची बिलं दहा-दहा दिवसांची: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. चालू_कालावधी() हे फंक्शन आजच्या तारखेवरून कालावधीचा पहिला दिवस देतं. ते पीएल-पीजीएसक्यूएलमध्ये आहे आणि त्याला लेबलच नाही. लेबल नाही म्हणजे व्होलाटाइल: दर हाकेला वेगळं उत्तर येऊ शकतं असं प्लॅनरने धरायचं. मग इंडेक्स वापरायची सोय नाही, पार्टिशन वगळायची सोय नाही. एप्रिल २०२२ ते डिसेंबर २०२५ अशी महिन्यांची ४५ पार्टिशनं, सगळी चाळायची, आणि प्रत्येक ओळीला विचारायचं, “आज कितवा दिवस?”

एक शब्द लिहिला: स्टेबल. प्लॅनमध्ये ‘सबप्लॅन्स रिमूव्ह्ड: ४३’. उरलं नोव्हेंबर आणि रिकामं डिसेंबर. इतक्या दिवसांत सर्वांत कमी कष्टाचं काम.

लक्षात ठेवायचं: स्टेबल म्हणजे एका क्वेरीत एकदाच चालतं असं मुळीच नाही. इंडेक्स स्कॅनच्या सुरुवातीला एकदा चालतं, हे खरं. पण साध्या फिल्टरमध्ये बसलं की दर ओळीला चालतंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल काहीच लिहिता आलं नाही, कारण काल ११ तारीख होती आणि ११ पासून दर बदलला.

काल सकाळी पावणेआठला संघाच्या हिशेबनीस अण्णांचा फोन. “मॅडम, दर कालच भरलाय की आम्ही! पडद्यावर अजून जुनाच दिसतोय. आणि मजा बघा, रिफ्रेश मारलं की नवा, परत मारलं की जुना. भुताटकी हाय काय?”

सुरुवातीच्या पडद्यावर संस्थेच्या नावाखाली गायीच्या दुधाचा पायाभूत दर दिसतो, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). क्वेरी अगदी छोटी: संस्थेच्या टेबलमधून क्रमांकाने एक ओळ, आणि सोबत दर(३.५, ८.५). मी आधी ब्राउझरचा कॅश, मग ॲप्लिकेशनचा कॅश, मग नेटवर्क असं सगळीकडे दोष देत फिरले. साडेनऊला त्या दर फंक्शनची व्याख्या उघडली.

पीएल-पीजीएसक्यूएल. आत दरपत्रकाच्या टेबलवर सिलेक्ट. वर लेबल इम्युटेबल.

इम्युटेबल म्हणजे आपण डेटाबेसला दिलेला शब्द: हेच आकडे दिले तर उत्तर जन्मात बदलणार नाही. पोस्टग्रेस तो पडताळत नाही, विश्वास ठेवतो. दोन्ही आर्ग्युमेंट स्थिर, म्हणून प्लॅन बनवतानाच फंक्शन चालवलं आणि जागी आकडा ठेवून दिला. एक्स्प्लेन व्हर्बोसमध्ये आउटपुटच्या ओळीत फंक्शनचं नावच नव्हतं, थेट रुपये आणि पैसे होते. 

प्लॅन दर वेळी नव्याने बनला असता तर काही बिघडलं नसतं. पण आमचं ॲप्लिकेशन जेडीबीसीवर (जावातून डेटाबेसशी जोडणाऱ्या ड्रायव्हरवर) चालतं. तो ड्रायव्हर एकच क्वेरी पाचव्यांदा आली की ती सर्व्हरवर प्रिपेअर करतो, म्हणजे तयार करून ठेवतो. पोस्टग्रेस प्रिपेअर केलेल्या क्वेरीला पहिले पाच वेळा दिलेल्या मूल्यांसाठी खास प्लॅन बनवतो, आणि सर्वसाधारण प्लॅन तितकाच स्वस्त दिसला तर पुढे तोच वापरत राहतो. प्रायमरी कीवरून एक ओळ उचलायची, इथे दोन्ही सारखेच. म्हणजे दहाव्या फेरीच्या आसपास तो आकडा त्या जोडणीत गोठला. पूलमध्ये (तयार ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात) २० जोडण्या, आणि त्यांचं आयुष्य आम्ही अमर्याद ठेवलेलं. ज्या जोडणीवर ही क्वेरी फारशी आली नव्हती ती नवा दर सांगत होती, जिच्यावर आली होती ती जुना. रिफ्रेश मारलं की कुठली जोडणी मिळेल ते नशीब. अण्णांची भुताटकी ती हीच.

मग आजवर हे कधी कळलं कसं नाही? टेबलची आकडेवारी ताजी झाली की असे साठवलेले प्लॅन रद्द होतात. पण संस्थेची टेबल इवलीशी, महिनोन्महिने तशीच, ऑटोव्हॅक्यूमला (आपोआप साफसफाई करून आकडेवारी ताजी करणाऱ्या कामाला) तिच्याकडे फिरकायचं कारण नाही. याआधीचे दर बदल बहुधा आमच्या रविवारच्या रिस्टार्टच्या आसपास पडले असावेत. यंदा ११ तारीख मंगळवारी आली.

बिलं मात्र सगळी बरोबर होती. तिथे फॅट आणि एसएनएफ प्रत्येक ओळीतून येतात, आर्ग्युमेंट स्थिर नाहीत, त्यामुळे दर ओळीला फंक्शन खरोखर चालतं. हे अण्णांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी कालचं एक बिल कॅल्क्युलेटरवर मांडून पाहिलं, मग विश्वास बसला.

लेबल स्टेबल केलं, ॲप्लिकेशन एकदा रिस्टार्ट केलं. जोडण्यांचं आयुष्य अर्ध्या तासावर आणलं.

लेबल लावलं कुणी ते गिटमध्ये शोधलं. जून २०२१. नाव माझंच. कमिटचा संदेश: ‘किरकोळ सुधारणा’.

१४ नोव्हेंबर

छोटी नोंद. नवा मुलगा एक क्वेरी घेऊन आला: लिटर शून्यापेक्षा जास्त असेल तर सरासरी दर, नाहीतर १/०. मुद्दामच, शून्य लिटरची ओळ सापडली तर क्वेरी फुटावी म्हणून. तशी एकही ओळ नाही, तरी शून्याने भागल्याची चूक येत होती. टेबल रिकामी करून पाहिली, तरी तेच.

१/० ला ओळीतलं काहीच लागत नाही. दोन्ही आकडे स्थिर, भागाकार इम्युटेबल, मग प्लॅनर तो आधीच करून ठेवायला जातो आणि तिथेच आपटतो. केस हे चालतानाचं कुंपण आहे, प्लॅन बनतानाचं नाही. गंमत म्हणजे व्हेनची अटच स्थिर आणि खोटी असेल तर तो त्या फांदीकडे ढुंकूनही पाहत नाही, तेव्हा आतला १/० निमूट पडून राहतो. त्या मुलाला रेझ करणारं, म्हणजे मुद्दाम चूक फेकणारं, एक छोटं व्होलाटाइल फंक्शन लिहून दिलं. ते प्लॅनर आधी चालवू शकत नाही, काम झालं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मूळ प्रश्नाकडे परत. आर्थिक_वर्ष उघडलं गेलं तरी केस-व्हेनवरून पार्टिशन वगळता येत नाहीत. खऱ्या सर्व्हरवर एका वर्षासाठी चारही वर्षं चाळली जातात.

सपोर्ट फंक्शन लिहायचा मोह झाला. पोस्टग्रेस १२ मध्ये ही सोय आली: आपल्या फंक्शनला दुसरं एक फंक्शन जोडायचं आणि प्लॅनरने त्याला विचारायचं, ‘ही हाक सोपी करता येते का, हिच्यासाठी इंडेक्स वापरता येतो का, ओळी किती येतील?’ नकाशांच्या कामासाठीच्या पोस्टजीआयएस ३.० मध्ये एसटी-इंटरसेक्ट्ससारखी फंक्शनं याच वाटेने इंडेक्सपर्यंत पोचतात. पोस्टग्रेस स्वतःही हे वापरतं. व्हारचार ४० चा (४० अक्षरांपर्यंतचा) कॉलम ६० करताना लांबी तपासणारी हाक निरर्थक आहे हे सपोर्ट फंक्शन सांगतं, हाक गळून पडते, आणि म्हणून टेबल पुन्हा लिहावी लागत नाही. गेल्या वर्षी संस्थांची नावं मावेनात तेव्हा आम्ही तो कॉलम वाढवला होता. पापणी लवायच्या आत झालं होतं, आणि मला वाटलं होतं काहीतरी चुकलं.

पण ते लिहायचं सीमध्ये, जोडायला सगळे अधिकार असलेला सुपरयूझर लागतो, आणि आमचा डेटाबेस भाड्याच्या क्लाउडवर. तिथे सुपरयूझर मिळत नाही. विषय बंद. खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं.

साधा मार्ग: वर्षारंभ(साल), आत मेक-डेट(साल, ४, १), म्हणजे त्या सालची १ एप्रिल. अट अशी: दिनांक >= वर्षारंभ(२०२४) आणि दिनांक < वर्षारंभ(२०२५). फंक्शन खरोखर इम्युटेबल, आर्ग्युमेंट स्थिर, त्यामुळे इनलाइन व्हायची वेळच येत नाही. त्याच्या आधीच्या पायरीवर ते चालून जातं आणि प्लॅनरच्या हातात दोन सरळ तारखा पडतात. प्लॅनमध्ये बाराच पार्टिशनं, एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. अंदाजही जागेवर आला, कारण तारखेच्या कॉलमची आकडेवारी त्याच्याकडे आधीपासून आहेच.

आर्थिक_वर्ष आता फक्त गटवारीत आणि छापण्यात राहील, अटीत नाही. कोड रिव्ह्यूच्या यादीत घातलं.

१९ नोव्हेंबर

पीजी-प्रोकमधून (पोस्टग्रेसची फंक्शनांची नोंदवही) आमची सगळी इम्युटेबल फंक्शनं काढली आणि ज्यांच्या मजकुरात ‘फ्रॉम’ आहे ती वेगळी केली. एक्स्ट्रॅक्टमध्येही ‘फ्रॉम’ असतो, त्यामुळे निम्मी यादी फुकटची. उरलेल्यांत टेबल वाचणारी सहा. एक संघाच्या सुट्ट्यांची, एक कपातीच्या टक्क्यांची, दोन कुणी वापरतच नाही. कपातीचं वाचून पोटात गोळा आला, पण त्याला कुठेच स्थिर आर्ग्युमेंटने हाक मारलेली नाही. सहाही स्टेबल केली. हीच क्वेरी बिल्डमध्ये बसवली, यादी रिकामी नसेल तर बिल्ड पडेल.

कमिटचा संदेश या वेळी सहा ओळींचा लिहिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नवीन दहा दिवस सुरू. संघाने म्हशीचा पायाभूत दर, ६.० फॅट आणि ९.० एसएनएफचा, कालच बदलून ठेवला होता. सकाळी साडेसातपासून फोन शेजारी घेऊन बसले.

पावणेआठला वाजलाच. अण्णा. “मॅडम, दर बरोबर दिसतोय. त्यासाठी नाही केला फोन. प्रिंटरमधनं कागद निघंना झालाय, ते तुमच्यातच येतंय काय?”